दुपारी दीडनंतरचं मूल

महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांना पूर्ण दिवसाची बालवाडी जोडावी का, यावर आमच्या कोल्हापूर भागात गेले काही महिने वाद चाललाय, आणि तो इतका वाईट चाललाय की गप्प बसवत नाही. परवा एका शाळेत पालकांची बैठक झाली. मी आता कुणाची पालक नाही, नातवंडं पुण्याला असतात. पण बँकेतून निवृत्त झाल्यापासून शाळा व्यवस्थापन समितीतल्या बायका मला हिशेब बघायला बोलावतात, म्हणून मागच्या बाकावर बसले होते. एका बाजूचं, म्हणजे बहुतेक शिक्षकांचं, म्हणणं असं, की खासगी इंग्रजी शाळा लहान गटापासूनच पोरं उचलतात, पहिलीला आपल्याकडं यायला उरतंच कोण? दिवसभराची बालवाडी काढा, पट टिकेल, शिक्षकांची पदं वाचतील. मग एक गृहस्थ उठले. "तीन वर्षांचं पोर सकाळी दहा ते संध्याकाळी पाच शाळेत? कोंडवाडा काढताय काय?" टाळ्या पडल्या. त्यावर कुणीतरी मोबाईलमध्ये बघून २०२० च्या शैक्षणिक धोरणातली ओळ वाचून दाखवली, की मेंदूची ८५ टक्क्यांहून जास्त वाढ सहा वर्षांच्या आत होते. पुन्हा टाळ्या. दोन तास असं चाललं. हीच पोरं आज दुपारी दीडनंतर असतात कुठं, हे त्या दोन तासांत एकानंही विचारलं नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. पूर्ण दिवसाची बालवाडी हवी, सरकारी शाळेतच हवी, आणि तिचा पैसा मानधन, देणगी, कुणा कंपनीचा सामाजिक कामाचा निधी (सीएसआर) अशा आडवाटांनी न येता शाळेच्या खर्चातून, पगार म्हणून यायला हवा. पण ती हवी याचं कारण पट नव्हे, आणि मेंदूची टक्केवारीही नव्हे. दिवस किती तासांचा, हे आईच्या कामाच्या वेळेवरून ठरावं. त्या तासांत करायचं काय, हे मुलाच्या वयावरून ठरावं. बैठकीत या दोन प्रश्नांची खिचडी झाली होती, म्हणून दोन्ही बाजू बरोबर बोलत होत्या आणि दोन्ही चुकत होत्या.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी अंगणवाडी आहे. भाड्याची दहा बाय बाराची खोली. भिंतीवर रंगवलेले हत्ती-घोडे, कोपऱ्यात वजनकाटा, आणि एका हातानं मुलं आवरत दुसऱ्या हातानं मोबाईलवर सरकारच्या पोषण ट्रॅकर ॲपमध्ये नोंदी भरणारी सेविका. आहार झाला की दीडच्या सुमारास मुलं घरी जातात. आता "घरी" म्हणजे काय ते बघा. यातल्या एका पोराची आई चपाती-भाजी केंद्रात सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत चपात्या लाटते, बाप वडापची जीप चालवतो. पोराची बहीण तिसरीला आहे. मधली सुट्टी झाली की ही आठ वर्षांची मुलगी दप्तर वर्गातच ठेवून पळत अंगणवाडीकडं येते, भावाला काखेला मारते, घरी नेते, डब्यातलं काहीतरी भरवते. मग त्याला झोपवून बाहेरनं कडी घालून परत शाळेत जाते, नाहीतर जातच नाही. तिच्या बाईंना हे ठाऊक आहे. त्या हजेरी लावतात, कारण गैरहजेरी लावून होणार काय? त्यामुळं कागदावर ती मुलगी रोज हजर. गणिताचा तास तिच्या वर्गात मधल्या सुट्टीनंतर असतो.

ही एकच गल्ली आहे असं समजू नका. हुपरीला पैंजणाच्या कड्या जोडणाऱ्या बायका घरातच बसून काम करतात, त्यांचं मूल "आईजवळच" असतं. समोर ज्योत, बाजूला चांदी उजळायचं रसायन, आणि आईचे डोळे कडीवर. इचलकरंजीत ते मागाच्या खडखडाटात झोपतं. साखर हंगामात बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेल्या तोडणी मजुरांचं मूल उसाच्या फडाच्या बांधावर असतं. कोंडवाडा नको म्हणणाऱ्या गृहस्थांच्या डोळ्यांसमोर जे घर आहे, त्यात सोप्यात आजी बसलेली असते, परड्यात पेरूचं झाड असतं, आई दुपारी गोष्ट सांगते. असं घर ज्याला आहे त्यानं खुशाल मूल घरी ठेवावं. त्याच्यावर सक्ती करा असं कोण म्हणतंय? पण धोरण त्या घरासाठी करायचं, की कडी घातलेल्या खोलीसाठी?

आणि थोडं स्वतःबद्दलही बोलायला हवं. माझा मुलगा अडीच वर्षांचा असताना मी त्याला राजारामपुरीतल्या एका पाळणाघरात ठेवून दहाच्या आत बँकेत पोचत असे. संध्याकाळी सहाला आणायचा. आज त्याचीच मुलगी पुण्यात शिशुवर्ग आणि पाळणाघर अशा जोडसंस्थेत साडेआठ तास असते आणि त्याला आम्ही कौतुकानं "ॲक्टिव्हिटी" म्हणतो. माझ्या मुलाचं बालपण करपलं असं मला एकानंही कधी सांगितलं नाही. बाई नोकरी करते म्हटल्यावर ते गृहीतच होतं. मग चपात्या लाटणारणीनं तेच मागितलं की अचानक बालमन कोवळं कसं होतं? ज्याला परवडतं त्यानं दिवसभराची व्यवस्था केव्हाच विकत घेतलीय. ज्याला परवडत नाही त्याला आपण बालमानसशास्त्र ऐकवतो.

हे झालं तरी विरोधकांचे काही मुद्दे खरोखरच वजनदार आहेत, आणि ते बैठकीत आले नाहीत याचं मला वाईट वाटलं. सगळ्यात वजनदार मुद्दा संशोधनाचा आहे. बालशिक्षणाच्या बाजूनं बोलणारे सगळे अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या पेरी बालवाडीचं नाव घेतात. १९६२ ते १९६७ या काळात १२३ गरीब मुलांवर झालेला तो प्रयोग. बालवाडीत गेलेली मुलं पुढं जास्त शिकली, जास्त कमावती झाली, गुन्ह्यांत कमी अडकली. खरं आहे. पण ती बालवाडी रोज अडीच तासांची होती! पाच-सहा मुलांमागं एक प्रशिक्षित शिक्षिका होती आणि ती आठवड्याला एकदा मुलाच्या घरी जाऊन आईशी बोलत असे. त्या अडीच तासांचं यश दाखवून सात तासांची बालवाडी मागणं ही माझ्याच बाजूची लबाडी आहे. अमेरिकेत पूर्ण दिवसाच्या बालवाडीची अर्ध्या दिवसाच्या बालवाडीशी तुलना झाली, तेव्हा वर्षाअखेरीला पूर्ण दिवसवाली मुलं पुढं दिसली, पण तिसरीपर्यंत ती आघाडी विरून गेली. टेनेसी राज्यातल्या सरकारी बालवाडीचा अभ्यास तर आणखी कडू आहे. २०२२ मध्ये आलेल्या निष्कर्षांत, बालवाडीत गेलेली मुलं सहावीत न गेलेल्यांपेक्षा मागं दिसली, अभ्यासातही आणि वागण्यातही. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतानं १९९७ मध्ये दिवसाला पाच डॉलरची पाळणाघरं काढली. आया मोठ्या संख्येनं कामावर गेल्या, पण मुलांचा चिडखोरपणा आणि अस्वस्थता वाढल्याचं अर्थतज्ज्ञांनी नोंदवलं.

हे सगळं मी मान्य करते. आणि म्हणूनच म्हणते, की पूर्ण दिवसाची बाजू परीक्षेच्या गुणांवर लढवूच नका. ती तिथं हरणारी बाजू आहे. पण मला सांगा, या गावानं गुणांवरून असा निवाडा पूर्वी कधी केला होता काय?

कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात, हे आपण पाहुण्यांना अभिमानानं सांगतो. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, आणि मग एकेका समाजाची रांगच लागली. या वसतिगृहांमागचा विचार काय होता? शाळा पाच तासांची असते, दिवस चोवीस तासांचा. खेड्यातलं पोर फी माफ केली म्हणून शिकत नाही. ते रात्री झोपणार कुठं, जेवणार काय, हा त्याच्या शिक्षणाचाच प्रश्न आहे. शाहू महाराजांनी उरलेल्या तासांची जबाबदारी शिक्षणाच्या खात्यावर टाकली. त्या वेळी कुणी विचारू शकलं असतं, की वसतिगृहातल्या भाकरीनं गणिताचे गुण किती वाढतात, याचा पुरावा आणा. भाकरीनं गुण वाढत नाहीत. भाकरी नसली तर मूल गावी परत जातं, इतकंच. दुपारची बालवाडी ही तीन वर्षांच्या मुलाचं बोर्डिंगच आहे, फक्त रात्री घरी जायचं.

आणि ज्यांना हिशेबच हवा, त्यांनी तो नीट मांडावा. दीड वाजता सुटणाऱ्या बालवाडीची किंमत आज तीन माणसं मोजतात: झोपेत कडी लागलेलं मूल, तासाला मुकणारी बहीण, आणि अर्धवेळ काम शोधत फिरणारी किंवा कामच सोडणारी आई. टेनेसीच्या अभ्यासात ही बहीण कुठं आहे? ती डहाणूजवळच्या कोसबाडला होती. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ डहाणू भागातल्या आदिवासी पाड्यांत काम करायला लागल्या, तेव्हा मोठी मुलं शाळेत येत नाहीत याचं कारण त्यांना शाळेत सापडलं नाही. मुलं गुरं राखत होती नाहीतर धाकटी भावंडं सांभाळत होती. मग त्यांनी शाळा कुरणावर नेली, बालवाडी पाड्याच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. आणि त्यांच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र नांदत होती, म्हणजे बहीण एका दाराआड शिकते, भाऊ शेजारच्या दाराआड झोपतो. सरकारनं १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना सुरू करताना अंगणवाडी हा शब्द उचलला आणि ते शेजारचं दार विसरलं.

आता दुपारी करायचं काय? इथं मी कोंडवाड्यावाल्या गृहस्थांच्या शेजारी जाऊन बसायला तयार आहे. पूर्ण दिवस म्हणजे आणखी तीन तास अ-आ-ई, रेघांच्या वह्या, हाताची घडी तोंडावर बोट, असं असेल तर ते गृहस्थ बरोबर आहेत, टेनेसीही बरोबर आहे, आणि अशी बालवाडी काढूच नये. ही भीती पोकळही नाही. आपल्याकडं बालवाडीत मूल "लिहायला लागलं काय?" हा पालकांचा पहिला प्रश्न असतो, आणि तो खासगी शाळांनी शिकवलाय. तीन वर्षांच्या मुलाच्या बोटांत पेन्सिलीनं अक्षरं काढायची ताकद नसते. त्यानं माती मळावी, चाळणीतनं वाळू गाळावी, बिया निवडाव्यात. दुपारी जेवण, मग चटईवर दोन तास झोप, उठल्यावर दूध किंवा शेंगदाण्याचा लाडू, मग पाचपर्यंत अंगणात धुडगूस आणि गाणी. बस्स. २०२४ मध्ये राज्य सरकारनं चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवायच्या नाहीत असं ठरवलं, कारण मुलांची झोप होत नाही. झोप हा शिक्षणाचा विषय आहे एवढं तरी सरकारनं मान्य केलंय, मग दुपारच्या झोपेला चटई टाकायला कसली अडचण आहे?

अडचण माणसाची आहे. एका बाईनं पंचवीस मुलं दहा ते पाच सांभाळायची, त्यातच वजन-उंची, लसीकरणाची यादी, गरोदर बायकांच्या भेटी, सर्वेक्षण आणि मोबाईलमधल्या नोंदी करायच्या, तर ती बाई कोलमडेल आणि मुलं भिंतीला टेकून बसतील. इथं मला तमिळनाडूचा पुरावा सगळ्यात मोलाचा वाटतो. तिथं ३२० अंगणवाड्या घेऊन त्यांतल्या काहींत फक्त एक जास्तीची, अर्धवेळ बाई नेमली, निव्वळ शिकवण्या-खेळवण्यासाठी. मुलांना प्रत्यक्ष शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला. दीड वर्षानं भाषा आणि गणित दोन्ही सुधारलं, आणि कुपोषणही कमी झालं, कारण जुन्या सेविकेला आहार-आरोग्याकडं बघायला हात मोकळा मिळाला. त्या प्रयोगात दिवस लांबवला नव्हता, माणूस वाढवला होता. म्हणून माझी अट अशी, की दुसरी बाई आधी, दुसरी पाळी नंतर. बाई न वाढवता नुसती वेळ वाढवण्याचा आदेश निघाला तर मी स्वतः विरोधकांच्या मोर्चात दिसेन.

आणि त्या दोघींना पगार. मानधन नव्हे. गेली पन्नास वर्षं सेविका "स्वयंसेविका" आहे, म्हणजे काम सरकारचं, नाव समाजसेवेचं. केंद्राचा तिच्या मानधनातला आधार २०१८ मध्ये ४,५०० रुपयांवर नेला आणि तिथंच ठेवला. वरची भर राज्य घालतं, तीही संपामागून संप झाल्यावर. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की या बायका ग्रॅच्युइटीला पात्र आहेत. २०२३ च्या डिसेंबरात राज्यभर संप झाला, तो जानेवारीत मिटला. त्या दिवसांत आमच्या गल्लीतल्या खोलीला कुलूप होतं आणि चर्चा कशाची होती, तर "या बायकांना आणि किती हवंय" याची. संपामुळं कुणाची दुपार नव्हे, अख्खा दिवस बुडाला, हे बोलायला त्या आया चर्चेच्या ठिकाणी नव्हत्या. त्या कामावर होत्या.

आता पैसा. "महापालिकेकडं रस्त्याला डांबर नाही, आणि तुम्ही बालवाड्या काढताय" हा टोमणा मला तोंडपाठ झालाय. त्यातलं खरं आधी घेते. शाळांची छपरं गळतात, शिक्षकांची पदं रिकामी असतात, आणि आहे ते नीट चालवा मग नवं काढा, असं म्हणणारा माणूस कंजूष नसतो, बऱ्याचदा अनुभवी असतो. जुन्या बँकवालीला हे समजतं. पण हिशेब करू या. पंचवीस मुलं, दोन प्रशिक्षित बायका, प्रत्येकीला वीस हजार रुपये पगार धरला तर महिन्याला चाळीस हजार. मुलामागं सोळाशे. वर दुपारचा खाऊ, चटया, एक पंखा. आपल्या ओळखीतल्या कुठल्याही खासगी शिशुवर्गाची महिन्याची फी ज्यानं त्यानं मनात आठवावी आणि शेजारी हा सोळाशेचा आकडा मांडावा. हा पैसा महापालिकेनं एकटीनं द्यावा असंही मी म्हणत नाही. पगार राज्यानं द्यावा, जसा जिल्हा परिषदेच्या शिक्षकांचा देतं. जागा आणि देखभाल महापालिकेनं बघावी.

पैसे नाहीत हे कारण नवं नाही. गोपाळ कृष्ण गोखले हे कागलला आणि पुढं आपल्या राजाराम कॉलेजात शिकलेले. १९११ मध्ये त्यांनी केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं. तेही किती जपून! जिथं स्थानिक संस्थेची तयारी असेल तिथंच सक्ती, आधी मुलांना, मग मुलींना. सरकारचं उत्तर: खर्च झेपणार नाही, लोकांची मागणी नाही, वेळ आलेली नाही. १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी ते पडलं. पाचच वर्षांत, १९१७ ला, या छोट्याशा संस्थानानं सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं, आणि मूल न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड लावला. ब्रिटिश साम्राज्याला जे परवडत नव्हतं ते कोल्हापूरला कसं परवडलं? परवडलं नव्हतंच. ते आधी ठरवलं आणि मग परवडवलं. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं राधानगरीचं धरण आठवा. महाराजांच्या हयातीत ते पुरं झालं नाही, पैशाअभावी अडलं, आणि पुरं व्हायला स्वातंत्र्य उजाडावं लागलं. अर्धवट धरणाकडं बघून तेव्हाही कुणी म्हटलं असेल, की आधी विहिरींचा गाळ काढा. आज भोगावतीकाठचा ऊस कुणाच्या पाण्यावर उभा आहे?

तरी इतिहास सगळाच आपल्या बाजूचा नाही, हेही सांगायला हवं. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाचे, हे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च करा असं सांगणारा तोच आयोग. पण पूर्वप्राथमिक शिक्षण मुख्यतः खासगी प्रयत्नांवर सोडावं, सरकारनं प्रशिक्षण आणि अनुदानापुरतं बघावं, असंही त्याच १९६६ च्या अहवालाचं म्हणणं. त्या वेळी ते शहाणपणाचंच होतं. प्राथमिक शाळाच गावोगाव पोचली नव्हती. पण साठ वर्षांत त्या सोडण्याचं काय झालं ते आपण गल्लीगल्लीत बघतो: पार्किंगच्या जागेत पत्रा मारून काढलेल्या केजी, बारावी झालेली मुलगी "मिस", आणि तीन वर्षांच्या मुलाची मुलाखत.

कायद्याचंही तसंच. घटनेच्या मूळ ४५ व्या कलमात चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांचा उल्लेख होता, खालची वयोमर्यादा नव्हती. २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीनं शिक्षण मूलभूत हक्क झालं, पण सहा ते चौदा वयापुरतं. सहाच्या आतल्यांसाठी राज्य "प्रयत्न करील" एवढंच उरलं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या ११ व्या कलमात तीन ते सहा वयासाठी सरकार व्यवस्था "करू शकेल". करू शकेल! नवं धोरण तीन वर्षांपासूनच पायाभूत टप्पा धरतं, आणि कायदा अजून सहाला सुरू होतो. मधली तीन वर्षं आईनं आपली बघावीत.

पट टिकवण्यासाठी बालवाडी हवी म्हणणाऱ्या शिक्षकांवर मी सुरुवातीला तिरकस बोलले, ते थोडं मागं घेते. त्यांचा हेतू स्वार्थी असला तरी गोष्ट खोटी नाही. जरगनगरच्या महापालिका शाळेत पहिलीच्या प्रवेशासाठी पालक रांगा लावतात, म्हणजे सरकारी शाळा नको असं या शहराचं म्हणणं नाही. चांगली हवी एवढंच आहे. पण पटाला पुढं केलं की दुपारचं वेळापत्रक पटासाठी बनतं. मग पालकांना खूश करायला इंग्रजी कविता, गॅदरिंग आणि गृहपाठ येतो, आणि चटई जाते.

एक अडचण मात्र खास आमची आहे, ती हद्दीची. कोल्हापूरची महापालिका १९७२ ची, आणि शहराची हद्द तेव्हापासून वाढलेली नाही. हद्दवाढ हवी आणि नको यावर आम्ही दोन्हीकडून मोर्चे काढलेत. टोलविरुद्ध लढलो, मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचसाठी चार दशकं भांडून ते २०२५ च्या ऑगस्टमध्ये आणलं. लढायचा या गावाला कंटाळा नाही. पण उचगाव-पाचगावात राहणारी बाई रोज उद्यमनगरात किंवा शाहूपुरीत कामाला येते. तिचं मूल जिल्हा परिषदेचं, तिचं काम महापालिकेचं. बालवाडी घराजवळ हवी की कामाजवळ? माझ्या मते बाईला विचारा. शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीजवळच्या एखाद्या शाळेत बाहेरगावच्या मुलाला नाव घालता आलं पाहिजे, आणि "तुमचा रहिवासी दाखला कुठला" या प्रश्नावर दार बंद होता कामा नये. सीमेपलीकडं कर्नाटकानं रोजगार हमीवरच्या बायकांच्या मुलांसाठी ग्रामपंचायतींत पाळणाघरं काढायला घेतली. निपाणी इथनं तासाभरावर आहे.

अंगणवाडी बंद पडेल काय, हा सेविकांचा प्रश्न राहिला. तो मला सगळ्यात योग्य वाटतो. शाळेत बालवाडी आली आणि सेविकेला बाजूला सारून नवी डी.एड. झालेली मुलगी नेमली, तर वीस वर्षं मुलं सांभाळलेल्या बाईचा तो अपमान आहे, आणि मुलांचंही नुकसान. सेविकेलाच प्रशिक्षण देऊन शाळेत आणा, मदतनिसाला पूर्णवेळ करा, आहार-आरोग्याचं काम तिथनंच चालू द्या. अंगणवाडी शाळेच्या आवारात हलवायची, एवढंच. ऐकायला सोपं वाटतं. पण अंगणवाडी महिला व बालविकास खात्याची, शाळा शिक्षणाची, इमारत महापालिकेची.

हे किती सोपं आहे ते मी करून बघितलं. आमच्या गल्लीतल्या त्या अंगणवाडीपासून शंभर पावलांवर जी शाळा आहे, तिच्यात एक वर्गखोली तीन वर्षं रिकामी आहे. आत मोडकी बाकं आणि निवडणुकीचे जुने बोर्ड. आम्ही सात बायकांनी अर्ज केला, की ही खोली अंगणवाडीला द्या, आणि दुपारी दीडनंतर मदतनीस बसेल तोवर उघडी ठेवा, तिला आम्ही वर्गणी काढून काहीतरी देऊ. पहिल्या कार्यालयानं सांगितलं, दुसऱ्या कार्यालयाचं ना हरकत पत्र आणा. दुसऱ्यानं सांगितलं, पहिल्याची मागणी आल्याशिवाय पत्र देता येत नाही. तिसऱ्या खेपेला एका साहेबांनी खुर्ची दिली, चहा दिला, आणि मनापासून विचारलं, "पण बाई, दुपारनंतर खोलीची किल्ली कुणाच्या ताब्यात राहणार? हजेरीपुस्तकावर सही कुणाची? पोराला काही झालं तर जबाबदार कोण?"

प्रश्न बरोबर होते. मी त्यांना विचारलं, आत्ता त्या पोराला काही झालं तर जबाबदार कोण? त्यांनी अर्जावर शिक्का मारून पोच दिली. बैठकीत पुढच्या वेळी बोलायला मिळालं तर मी ती पोचच वाचून दाखवणार आहे, तारखेसकट. तिला आता पाच महिने झाले.